तेलकट अंगठ्यासाठी

‘कातीव’ची एकूण दोनशे बारा पानं,
सगळ्यांच्या अंगात एकच सदरा:
डावीकडे करडी पट्टी, वर निळा मथळा,
आणि ओळींची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली.
मी लिहिलं होतं ‘सुरुवात’,
पडद्यावर उमटायचं ‘सरुवात’.
‘चुका आणि उपाय’च्या जागी ‘चका आणि उपाय’.
उकार होता,
पण मथळ्याच्या खालच्या कडेने त्याचे पाय कापले होते.

दोन वर्षं कुणी बोललं नाही.
मला वाटलं, बरं चाललंय.

मग अंबडहून सुगत निरभवणेचा फोन,
रात्रपाळी, मागे लेथची घरघर:
‘मॅडम, ती तिसरी पायरी कुठंय?’
‘आहे की, पानावरच.’
‘आसंल. बोटाखाली येत नाही.’

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरहून स्कूटर काढली,
गरवारे पॉइंटला ट्रेलरांच्या रांगेत अर्धा तास धूर खाल्ला,
आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये
पहिल्यांदा कुणाला तरी माझं पान वाचताना पाहिलं.

फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला,
अंगठ्याला कटिंग ऑइल.
पान उघडलं की आधी ब्रह्मगिरी,
मीच काढलेला फोटो, पहाटेचा, धुक्यातला,
माझा अभिमान.
सुगत अंगठ्याने त्याला वर ढकलत राहिला.
‘रोज आधी हा डोंगर चढायचा,’ तो म्हणाला,
‘मग सूचना.’
त्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

डोंगरानंतर ‘परिचय’. परिचयानंतर ‘आमची भूमिका’.
तिसरी पायरी एका बारीक निळ्या दुव्यामागे,
तांदळाच्या दाण्याएवढ्या.

आणि भिंतीवर, खिळ्याला, बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा.
जाड पेनाने चार ओळी:
आधी बंद कर.
थांबू दे.
मग दार उघड.
मग शून्यावर आण.
‘थांबू दे’खाली लाल रेघ, दोनदा ओढलेली.
मी विचारलं, दोनदा का?
त्याने शेजारच्या मशीनकडे पाहिलं, उत्तर दिलं नाही.
तिथे काम करणाऱ्याच्या डाव्या हाताला
साडेतीन बोटं होती.

बाजूच्या शेडमधले पांचाळ, डायमेकर,
चहाचा कप घेऊन आले, पुठ्ठा आणि फोन दोन्ही बघितले.
‘साच्यात केसाएवढी खोट राहिली ना,
की हजार नगांत हजार केस.
नग घासत बसू नका. साचा उघडा.’

त्या रात्री साचा उघडला.
ब्रह्मगिरी काढला. (जपून ठेवलाय, वेगळ्या फोल्डरमध्ये.)
ओळींना हवा दिली, उकारांना पाय टेकायला जमीन.
दुवे अंगठ्याच्या रुंदीचे केले, माझ्या नाही, त्याच्या.
धोका वर आणला, लाल,
परिचय तळाशी पाठवला, ज्याला वेळ असेल त्याच्यासाठी.
पहाटे तीनला एकदाच बटण दाबलं
आणि दोनशे बारा पानांनी एकदम कूस बदलली.
सत्त्याण्णवाव्या पानावरचा तक्ता तेवढा
अजून चौकटीबाहेर पाय काढून झोपलाय.
चंदीगडहून जसलीनने लिहिलं,
पहिलं पान ओकंबोकं दिसतंय, काहीतरी टाक ना.
मी काहीच टाकलं नाही. दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

आठवड्याने सुगतने फोटो पाठवला.
फोन, पिशवी, अंगठा,
आणि अंगठ्याखाली बरोब्बर तिसरी पायरी.
मागे भिंतीवर पुठ्ठा तसाच.

‘आता का ठेवलाय?’
‘लाइट गेली तर?’

बरोबर आहे.
कालपासून छापण्यासाठी वेगळा साचा करायला घेतलाय:
एकच पान, पुठ्ठ्याच्या मापाचं, चार ओळी,
वरच्या कडेला
खिळ्यापुरती जागा सोडून.